जावक क्रमांक टाकला का?

आपल्याकडे पत्राला मजकूर असावा लागतो ही कल्पना तशी अलीकडची. माझ्या आजोबांची जी पोस्टकार्डे आमच्या ट्रंकेत आहेत, त्यांच्यात सर्वांत वर '॥ श्री ॥', त्याखाली गाव, तिथी, वार, मग 'तीर्थरूप दादांचे चरणी बालके शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष', मग 'इकडील सर्व क्षेम असे, आपणाकडील क्षेम लिहीत जावे' एवढे झाले की कार्ड संपते. ज्या कामासाठी पत्र लिहिले ते काम उरलेल्या समासात आडवे लिहिलेले असते. 'म्हैस व्याली. पैसे पाठवा.'

ईमेल आला तेव्हा लोकांना वाटले, सुटलो एकदाचे. आता ना श्री, ना चरण, ना शिरसाष्टांग. 'हाय' म्हणावे आणि कामाचे बोलावे. पण वाचकहो, हा शुद्ध भ्रम आहे. तुमच्याकडे आलेला कोणताही मेल संगणकावर उघडा, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि 'मूळ रूप दाखवा' अशा अर्थाचे जे काही तिथे असेल ते दाबा. 'उद्या पाणी येणार नाही' एवढ्या चार शब्दांच्या डोक्यावर साठ-सत्तर ओळींचा मुंडावळ्यांसकट बाशिंग बांधलेला एक प्रकार दिसेल. त्याला हेडर म्हणतात. कोणी पाठवला, कोणाला पाठवला, विषय काय, तारीख काय, एवढे चार मानकरी आपल्याला पडद्यावर दिसतात. बाकीचे सगळे वऱ्हाड आत बसलेले असते.

या वऱ्हाडात एक 'मेसेज-आयडी' असतो, म्हणजे त्या पत्राचा जगात दुसऱ्या कोणाला नसलेला नंबर. पाठवणाऱ्या संस्थेने केलेली 'डीकेआयएम' नावाची न वाचता येणारी सही असते. बँकेत वीस वर्षे सह्या जुळवत असल्यामुळे न वाचता येणाऱ्या सहीबद्दल मला आदरच आहे. आणि 'रिसीव्हड' नावाच्या ओळी असतात. मेल ज्या ज्या सर्व्हरच्या हातातून जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का मारतो, आणि तोही आधीच्या शिक्क्याच्या वर. त्यामुळे मेलचा प्रवास वाचायचा तर खालून वर वाचावा लागतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नसल्यामुळे मला ही दिशा सवयीची आहे.

हे सगळे मला मुळात कळायचे कारण नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेतल्या माझ्या संगणकावर मला पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नाही, हेडर तर दूरच. पण मी आमच्या डोंबिवलीतल्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मानद सेक्रेटरी आहे. (बँकेत असणारा माणूस इमारतीत राहायला आला की महिन्याभरात सेक्रेटरी होतो. 'तुम्हाला हिशेब येतो' एवढ्यावर ही निवड होते. शल्यविशारदाला कोणी म्हणत नाही की तुम्हाला कापता येतं, तेव्हा कोबी चिरा.) आणि घरात आमचे अण्णा आहेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक द्यायचा, दोन्ही जाडजूड रजिस्टरांत लिहायचे. कागदात काय लिहिले आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. साहेब बदलले, सरकारे बदलली, मजकूर बदलले. क्रमांक अण्णांचा राहिला. 'जावक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे अफवा,' हे त्यांचे वाक्य मी लहानपणी 'शुभं करोति'च्या बरोबरीने ऐकलेले आहे. २००६ साली ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या नोटिसांना क्रमांक घालू लागले. नोटीस निघाली की रजिस्टर काखेत मारून चारही मजले चढायचे, प्रत्येक दाराशी 'पोच' म्हणून सही घ्यायची, प्रत्येक घरी अर्धा कप चहा. एक नोटीस म्हणजे चोवीस सह्या आणि बारा कप चहा. त्यांची साखर तेव्हा वाढली, पण तब्येत उत्तम होती.

२०२० साली टाळेबंदी आली. दाराशी जाणे बंद झाले. नोटिसा मेलवर गेल्या आणि टाळेबंदी उठली तरी मेलवरच राहिल्या. झेरॉक्सचे पैसे वाचतात हे एकदा कमिटीला कळल्यावर ब्रह्मदेव आला तरी कागद परत येत नाही. अण्णांचे रजिस्टर कपाटात गेले आणि अण्णा गॅलरीत. तिथे बसून ते रस्त्यावरचे पाण्याचे टँकर मोजत. मोजून संध्याकाळी मला आकडा सांगत. मग विचारत, 'आज मेल पाठवलास ना? जावक क्रमांक टाकला का?'

'नाही अण्णा, मेलला नसतो.'

'असं,' म्हणून ते पुन्हा रस्त्याकडे बघत.

आता तुम्ही म्हणाल, विषयाच्या ओळीत टाका की क्रमांक, कोणी अडवलंय? टाकून पाहिला. पहिल्या मेलला क्रमांक १ दिला. चेअरमननी त्याच मेलवर उत्तर देत दुसरीच नोटीस सगळ्यांना धाडली. एका बाईंनी त्याच मेलवर मांजराची तक्रार लिहिली. आठवड्याभरात क्रमांक १ च्या अंगाखांद्यावर पाच पत्रे खेळत होती आणि प्रत्येकाला 'आरई, आरई, आरई' असे तोतरेपण आले होते. अण्णांनी ते छापून घेतले, चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, 'क्रमांक मजकुराचा नसतो रे. क्रमांक कचेरीचा असतो. तो पत्राच्या वर, ज्याला त्याला हात लावता येणार नाही अशा जागी पाहिजे.'

आमचा भाचा त्या दिवशी जेवायला होता. तो पुण्याला संगणकाचेच काहीतरी करतो. काहीतरी म्हणजे काय ते त्याच्या आईलाही माहीत नाही, पण पगार माहीत आहे. तो आमटीचा भुरका मारून म्हणाला, 'मामा, आजोबा म्हणतायत त्याला कस्टम हेडर म्हणतात.'

मग त्याने आम्हाला जो इतिहास सांगितला, तो ऐकून मी मनातल्या मनात हात जोडले. ईमेलच्या मथळ्याची शिस्त १९८२ साली एका दस्तऐवजात लिहिली गेली. त्याचा क्रमांक ८२२. (क्रमांक म्हटल्यावर अण्णांनी पाट पुढे सरकवला.) म्हणजे तो आणि मी एकाच वर्षीचे. ओळीला आधी नाव, मग अपूर्णविराम, मग किंमत, हा त्यातला नियम. शिवाय सामान्य जनतेला एक सवलत. तुम्हाला स्वतःची एखादी ओळ घालायची असेल तर नावाच्या सुरुवातीला 'एक्स-' लावा आणि खुशाल घाला, अधिकृत मंडळी त्या नावाला हात लावणार नाहीत. तीस वर्षे जगाने 'एक्स-' लावले. मग २०१२ साली ६६४८ क्रमांकाचा दुसरा दस्तऐवज आला की बाबांनो, नव्या नावांना हे 'एक्स-' आता पुरे. कारण तात्पुरती म्हणून काढलेली नावे सगळीकडे रुळून कायमची होऊन बसत होती आणि मग ती कोणालाच बदलता येत नव्हती.

'आमच्याकडे एक तात्पुरता शिपाई होता,' अण्णा म्हणाले. 'तात्पुरता म्हणूनच रिटायर झाला.' आणि 'एक्स' ठेवायचा असे ठरले.

आता ही ओळ घालायची कशी? आमच्या सोसायटीचे स्वतःचे नाव इंटरनेटवर नोंदलेले आहे आणि त्यासोबत स्वस्तातली जागाही भाड्याने घेतलेली आहे. त्या जागेच्या मालकांचे तयार वेबमेल होते, पण भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायची जशी परवानगी नसते, तशी त्यात प्लगइन बसवायची नव्हती. म्हणून भाच्याने आमच्या जागेत 'राउंडक्यूब' नावाचे वेबमेल स्वतंत्र बसवले. हे फुकट मिळते, पीएचपी भाषेत लिहिलेले आहे, आणि त्याला प्लगइन म्हणजे जोडकाम करता येते. सुताराने मूळ कपाटाला हात न लावता बाजूला खण वाढवून द्यावा तसे.

राउंडक्यूबसोबत 'अ‍ॅडिशनल मेसेज हेडर्स' नावाचा एक खण आयताच येतो. 'प्लगइन्स' नावाच्या फोल्डरमध्ये तो असतो, त्याचे नाव मुख्य सेटिंगच्या यादीत लिहायचे आणि त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कोणत्या ओळी घालायच्या ते सांगायचे. नमुन्यादाखल जे दिलेले असते त्यात पाठवणारा कोणत्या ब्राउझरच्या खिडकीत बसून लिहीत होता आणि त्याच्या संगणकाचा पत्ता कोणता, अशा ओळी असतात. मला हा नमुना काही आवडला नाही. पत्र लिहिताना मी कुठे बसलो होतो हे समोरच्याला कशाला?

भाच्याने यादीत नाव लिहिले आणि संपूर्ण वेबमेल नाहीसे झाले. पाढेपाठांतराच्या पाटीसारखा पडदा कोरा. तासभर शोधल्यावर कळले की दोन नावांच्या मध्ये त्याने स्वल्पविराम दिलेला नाही. एका स्वल्पविरामाने आख्खा कारभार बंद पडावा याचे त्याला नवल वाटले. मला नाही वाटले. स्वल्पविराम चुकला की लाखाचे दहा हजार होतात हे आम्ही रोजच्या भाकरीसारखे जाणतो.

स्वल्पविराम मिळाला, मेल गेला, आणि आत 'एक्स-जावक-क्रमांक : १' अशी ओळ झळकली. नाव मात्र रोमन लिपीत, कारण हेडरच्या नावात दुसरी लिपी चालत नाही. आम्ही पेढे आणले. दुसरा मेल पाठवला. त्यावरही १. तिसऱ्यावरही १. हा खण प्रत्येक पत्रावर तीच ओळ चिकटवतो, मोजत नाही. त्याला मोजायला सांगितलेलेच नसते. अण्णा पेढा खाली ठेवून म्हणाले, 'हा रबरी शिक्का झाला. क्रमांक नव्हे.'

तेव्हा भाच्याने रविवार घालवून स्वतःचा प्लगइन लिहिला. मेल सुटण्याच्या ऐन आधी राउंडक्यूब प्लगइनला एकदा विचारते, 'पाठवू ना?' तिथे उभे राहून ओळ वाढवता येते, किंवा 'थांब' म्हणता येते. भाच्याने आधी आपोआप एकेक वाढणारा क्रमांक केला. तो कुठून सुरू व्हावा यावर घरात तीन पक्ष पडले. मी म्हणालो, एक एप्रिल, आर्थिक वर्ष. अण्णा म्हणाले, एक जानेवारी, जावक रजिस्टर. भाचा म्हणाला, तारीख कोणतीही घ्या, पण मोजणी शून्यापासून.

'शून्य क्रमांकाचं पत्र पाठवणार कोणाला?' अण्णांनी विचारले.

पण खरा नकार त्यांनी पुढे दिला. क्रमांक आपोआप पडणार हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'छान आहे. म्हणजे मी बघायलासुद्धा नको.'

भाचा हुशार आहे, पण त्यापेक्षा चांगला आहे. तो म्हणाला, 'आजोबा, यात एक अडचण आहे. आपोआप वाढणारा आकडा बिघडला तर कळणार कसं? कोणीतरी रजिस्टरला लिहून मगच आकडा दिला पाहिजे.' ही अडचण त्याने तिथल्या तिथे तयार केलेली होती हे मला दिसत होते. त्या रात्री त्याने आपोआपचे सगळे काढले. पत्र लिहायच्या पानावर एक कोरी चौकट आणली. त्यात क्रमांक घातला नाही तर प्लगइन पत्र अडवतो आणि लाल अक्षरांत सांगतो, 'जावक क्रमांक नाही. पत्र जाणार नाही.' हे वाक्य अण्णांनी स्वतः सांगितलेले आहे.

पहिल्या दिवशी अण्णांनी चौकटीत थाटाने 'जा. क्र. १' असे मराठीत लिहिले. पलीकडे गेल्यावर मूळ रूपात काय दिसावे? बरोबरचे चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-आठ, प्रश्नचिन्ह, बी, आणि पुढे रोमन अक्षरांची मिसळ, वर फरसाण. हेडरमध्ये साधी रोमन अक्षरेच चालतात, म्हणून मराठी आली की तिला अशी वेषांतर करून न्यावी लागते. आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि वेषांतरात तीनांची चार अक्षरे होतात. म्हणजे 'क्र' या एका जोडाक्षरात क, हलन्त आणि र धरून तीन चिन्हे, त्यांची बारा अक्षरे. वाचणाऱ्या संगणकाने ती उलटी सोडवली की पुन्हा 'क्र' मिळतो, पण मूळ रूप बघणाऱ्याला मिसळच. अण्णांनी विचार करून साधा रोमन आकडा पत्करला. मात्र रजिस्टरात त्याच क्रमांकासमोर मराठीत नोंद केली. २०२२ च्या एक जानेवारीपासून हे सुरू आहे. गॅलरीतले टँकर आता कोण मोजतो, माहीत नाही.

या सगळ्या उपद्व्यापाची परीक्षा त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत झाली. विषय पार्किंगचा होता. आमच्याकडे गाड्या अकरा आणि जागा सात, त्यामुळे पार्किंग हा विषय असला की महाभारताला पात्रे कमी पडत नाहीत. बारा नंबरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, 'मला नोटीस मिळालेलीच नाही. आणि मिळाली ती चौदा दिवसांच्या आत मिळाली.'

या दोन वाक्यांतला विरोध कोणी दाखवला नाही. सभेत तसली पद्धत नसते. काकांच्या मुलाचा लॅपटॉप आणला, नोटीस उघडली, मूळ रूप काढले. 'एक्स-जावक-क्रमांक : ८७.' अण्णांच्या रजिस्टरात ८७. अठ्ठावीस ऑगस्ट, सकाळी नऊ. मी विजयी मुद्रेने सभेकडे पाहिले.

'हा आकडा तुम्हीच लिहिलात ना?' काका म्हणाले. 'मग मीही माझ्या मेलवर एक्स-राष्ट्रपती असं लिहीन. होईन का राष्ट्रपती?'

सभा हसली. आणि अण्णा मागच्या खुर्चीवरून उठून म्हणाले, 'बरोबर बोलतायत ते.'

माझ्या पोटात गोळा आला. स्वतःचे वडील भर सभेत विरोधी पक्षात गेले की माणसाने कोणाकडे पाहावे?

'जावक क्रमांक म्हणजे आपलं म्हणणं,' अण्णा सांगत होते. 'मेलवरची तारीखसुद्धा आपलंच म्हणणं. पाठवणारा काय वाटेल ते लिहील. पुरावा म्हणजे समोरच्या कचेरीचा आवक शिक्का. तो बघा. सगळ्यांत वरचा.'

सगळ्यांत वरच्या 'रिसीव्हड' ओळीतला शिक्का जीमेलचा होता. तो आम्ही मारलेला नव्हता, काकांनीही नाही. त्यावर तारीख होती सत्तावीस ऑगस्ट, रात्रीचे साडेआठ.

'हे पाहा!' काका ओरडले. 'नोटीस अठ्ठाविसाला निघाली आणि सत्ताविसाला पोचली! हा काय पुष्पक विमानाचा मेल आहे?'

आता वाणिज्य शाखेची अब्रू पणाला होती. वेळेच्या पुढे 'उणे ०७००' असे लिहिलेले होते. म्हणजे शिक्का अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाचा. ते जागतिक वेळेच्या सात तास मागे, आपण साडेपाच तास पुढे, मधले अंतर साडेबारा तास. सत्ताविसाच्या रात्रीच्या साडेआठांत साडेबारा मिळवा. अठ्ठावीस ऑगस्ट, सकाळी नऊ. सभा चौदा सप्टेंबरची. मी हे फळ्यावर उभ्या बेरजेने करून दाखवले. काकांनी बेरीज दोनदा तपासली, हातचे बरोबर घेतले होते, आणि खाली बसले. पार्किंगचे मात्र त्या सभेत काहीही ठरले नाही.

मागच्या जानेवारीत अण्णांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दोन दिवस रजिस्टर बंद. नेमकी त्याच वेळी पाणी बंद राहण्याची सूचना पाठवायची होती. चेअरमननी मेल लिहिला, पाठवा दाबले आणि लाल अक्षरांनी त्यांना अडवले. काहीही आकडा टाकला असता तरी प्लगइनने सोडले असते, त्याला काय कळतेय. पण आपल्या हाताने खोटा जावक क्रमांक लिहायचे धैर्य चोवीस बिऱ्हाडांत एकालाही झाले नाही. अण्णा घरी आले, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना कपाटाची किल्ली दिली, मी रजिस्टर पाहून क्रमांक ९ सांगितला आणि मेल गेला. तोवर पाणीही गेले होते.

कमिटी आमच्याच हॉलमध्ये भरली. चेअरमन म्हणाले, 'ते प्लगइन काढून टाका. भाच्याला विचारलं मी, यादीतला एक शब्द खोडायचा फक्त.' ते खरे होते. एक शब्द आणि, त्याच्या मागचा, एक स्वल्पविराम. आतल्या खोलीत अण्णांच्या रेडिओचा आवाज एकाएकी बारीक झाला. मला बोलायचे होते, पण सेक्रेटरीने वडिलांच्या बाजूने बोलणे म्हणजे हितसंबंध.

तेव्हा निमंत्रित म्हणून आलेले बारा नंबरचे काका उठले. त्यांच्या हातात फाइल होती. 'काढलंत तर याद राखा,' ते म्हणाले. 'गेल्या तीन वर्षांत मी सोसायटीविरुद्ध एकोणीस तक्रारी केल्या. प्रत्येकीत वर लिहिलंय, आपले जावक क्रमांक अमुकच्या संदर्भात. क्रमांक काढलात तर मी तक्रार करायची कशाच्या संदर्भात?'

प्लगइन राहिले. अण्णा रजेवर असताना वापरायला ९०१ ते ९१० हे दहा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून, अण्णांच्या सहीने, माझ्याकडे सुपूर्द करण्यात आले. आतला रेडिओ पुन्हा मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा मेल आला. 'आपले जावक क्रमांक ९ चे पत्र पाणी गेल्यानंतर बारा मिनिटांनी पोचले, याचा खुलासा व्हावा.' मी तो अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी उघड्या डोळ्याने आवक रजिस्टर शोधले, तक्रार क्रमांक विसावी म्हणून ती नोंदली, पेन बंद केले आणि म्हणाले, 'उत्तराचा जावक क्रमांक मी घातलाय, दहा. मजकूर काय तो तू बघ.'